पुसायची सोय

फाटकाजवळ एक काळा फळा होता, अजून आहे.
त्यावर मोहियोद्दीनभाई लिहायचे:
आज दुपारी चार वाजता, सेमिनार हॉल,
विषय, वक्ता,
आणि खाली न चुकता, उपस्थिती प्रार्थनीय.
त्यातला रफार विंचवाच्या नांगीसारखा वळलेला.

मी आलो कंत्राटी, अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर.
पत्रात लिहिलं होतं, सर्व संकुलांतली व्याख्याने
एका ठिकाणी, ऑनलाइन, सर्वांना दिसतील अशी.
'सर्वांना'खाली कुणीतरी निळ्या शाईनं रेघ मारलेली.

नांदेडचा मे. कूलरला पाणी नाही, सर्व्हरला एसी.
त्या खोलीत बसून मी रकाने पाडत गेलो.
रसायनवाल्यांनी स्थळात लिहिलं, नेहमीचेच.
भाषावाल्यांनी विषयात अख्खा बायोडाटा कोंबला.
एकानं वेळेत भरलं: पाहुणे आल्यावर.
हे मात्र मी चालू दिलं नाही,
दोन दिवस भांडून चार आकडे सक्तीचे केले.

शेवटचा रकाना होता, होणार की रद्द.
बैठकीत लुंगारे सर चष्मा पुसत म्हणाले,
रद्द कशाला? आपले कार्यक्रम रद्द होत नसतात.
वरून समिती यायची आहे, दिसायला बरं नाही.
काढला. मला काय, तेवढंच काम कमी.

जुलैत पहिलं मोठं व्याख्यान लागलं:
बोअरच्या पाण्यातील फ्लोराइड, मंगळवार, चार.
सोमवारी संध्याकाळी वक्त्यांचा फोन, जमत नाही.
मोहियोद्दीनभाईंनी फडकं ओलं केलं
आणि दोन हातांत फळा कोरा.

मंगळवारी साडेतीनला ती आली.
सुमित्रा तोडसाम, किनवटच्याही पुढची, आशाताई,
पहाटेची जीप, मग एसटी, मग भर उन्हात पायी.
पिशवीत पाण्याची बाटली,
तिच्यावर चिकटवलेला कागद, शाळेमागचा हातपंप,
आणि वहीच्या पानावर नऊ पोरांची नावं,
ज्यांच्या दातांवर पिवळे पट्टे आलेत.
हॉलला कुलूप. वॉचमननं माझ्याकडं पाठवलं.

"मोबाईलात तर हाय की, चार वाजता,"
तिनं स्क्रीन पुढं धरली. तडा गेलेल्या काचेखाली
हिरवी पट्टी, माझीच.
तो हिरवा निवडायला मी एक दुपार घालवली होती.
"मग आता कुणाला पुसू?"

दारात मोहियोद्दीनभाई चहा घेऊन उभे.
ओरडले नाहीत, हसलेही नाहीत.
"साब, मेरा फळा पुसने कू तो आता था."

तिचं पुसणं वेगळं, त्यांचं वेगळं.
माझ्या यंत्रणेत दोन्हीची सोय नव्हती.

रात्री थांबून रद्दचा रकाना परत घातला,
कुणाची सही न घेता.
लाल नाही केला. खडूसारखा पांढरा.
खाली एक नंबर. तिथं 'संपर्क' लिहायचा रिवाज आहे,
मी लिहिलं, कुणाला पुसावं.
लुंगारे सर म्हणाले, ही कसली भाषा?
म्हटलं, किनवटकडची, सर.
नंबर माझा आहे. दुसऱ्या कुणी आपला दिला नाही.

ते व्याख्यान त्यानंतर दोनदा लागलं, दोनदा पांढरं झालं.
बाटली सर्व्हरच्या कपाटावर आहे.
उजेडात धरली तर पाणी अगदी नितळ,
तळाशी काही दिसत नाही.
दिसत नसतंच, म्हणाली होती ती.

अजून दर सोमवारी तिचा फोन येतो.
"होनार का हो, दादा?"
मी स्क्रीन बघतो,
मग उठून खिडकीतून फळा बघतो,
आणि मग सांगतो.